बदामीची तिसरी रात्र

आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, मनात एकच गोष्ट होती. बनशंकरीची ओटी मंगळवारी भरायची आणि नंतर देवळात निवांत बसायचं. बनशंकरी आमची कुलदेवी, पण आजवर दरवेळी गाडीतून उतरून दर्शन घेतलं की लगेच परत गाडीत, असंच झालं होतं. या डिसेंबरात लेकीची परीक्षा लवकर आटोपली आणि आम्ही चौघांनी रविवार ते शुक्रवार बदामी-हंपी करायचं ठरवलं.

बजेटमध्ये बदामीच्या दोन आणि हंपीच्या दोन रात्री बसत होत्या. मंगळवार सबंध बनशंकरीला द्यायचा तर बदामीत तिसरी रात्र हवी होती. त्या एका रात्रीसाठी मी दोन आठवडे रोज संध्याकाळी फोन घेऊन बसत होते. प्रवासाइतकंच त्याबद्दलही लिहिते आहे, कारण परत आल्यापासून मैत्रिणी तेच विचारताहेत.

हॉटेल बुकिंगच्या दहा साइट उघडल्या म्हणजे दहा दुकानं पालथी घातली असं होत नाही. मेकमायट्रिप आणि गोआयबिबो एकाच समूहाच्या आहेत, बुकिंग डॉट कॉम आणि अगोडाही एकाच समूहाच्या. तरी तीच खोली या भावंडांकडे वेगवेगळ्या दरांत दिसते, कारण प्रत्येकीची कूपनं आणि सदस्यांचे दर वेगळे असतात. म्हणून बघायच्या सगळ्या, पण तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या रकमेची, म्हणजे ‘आता पैसे भरा’ या बटणाच्या वरच्या आकड्याची. कुठे कर आधीच धरलेला असतो, कुठे शेवटी चढतो. खोलीचा प्रकार, नाश्ता आणि रद्द करण्याची मुदत या तिन्ही गोष्टी सारख्या असतील तरच दोन आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ आहे. वर खोडून दाखवलेला मोठा आकडा मी बघतच नाही.

कराचंही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के झाला आहे आणि त्यावरच्या खोलीला १८ टक्के लागतो. त्यामुळे कुणाचा जुना हिशोब वाचलात तर तो आता तसाच लागू होणार नाही.

आता सवलतींच्या थरांकडे येते. सर्वांत खाली हॉटेलने स्वतः कमी केलेला दर असतो. त्यावर लॉगिन केलेल्या सदस्याचा किंवा ॲपवरचा दर, त्यावर कूपन आणि सर्वांत वर साइटच्या पाकिटात साठलेले पैसे. अडतं ते कूपनपाशी. बँकेच्या कार्डावरची सवलत हेसुद्धा बहुतेक ठिकाणी एक कूपनच असतं आणि एका बुकिंगला कूपन एकच लागतं. त्यामुळे ‘वेलकम’चं कूपन लावावं की कार्डाचं, हे दोन्ही लावून बघूनच ठरवावं लागतं.

बदामीचं हॉटेल आईंच्या गुडघ्यांकडे बघून निवडलं, कारण तिथे तळमजल्यावर खोल्या होत्या. एका खोलीचा दर रात्रीला २,८०० रुपये. कार्डाच्या कूपनावर १५ टक्के सूट होती, पण जास्तीत जास्त १,००० रुपये. दोन खोल्या, दोन रात्री मिळून ११,२०० रुपये होत होते. त्याचे १५ टक्के १,६८० होतात, पण मर्यादेमुळे हातात हजारच पडले असते. मग एक खोली मी माझ्या खात्यातून, माझ्या कार्डावर घेतली आणि दुसरी नवऱ्याने त्याच्या खात्यातून. दोन्हीकडे ८४० रुपयांची सूट पूर्ण मिळाली. सूट वजा होण्याआधीच्या दरावरचा कर धरून प्रत्येक खोलीचे दोन रात्रींचे ५,०४० रुपये पडले.

असं तोडून बुकिंग केलं की लगेच हॉटेलला फोन करून ‘ही दोन्ही बुकिंगं एकाच कुटुंबाची आहेत, खोल्या शेजारी द्या’ हे सांगावंच लागतं. त्यांच्या यादीत आपण दोन अनोळखी पाहुणे असतो. मी तो फोन केला आणि त्याच फोनवर तिसरी रात्र मिळाली. मालकांना म्हटलं, मंगळवारीही राहायचंय, पण कूपन महिन्यातून एकदाच चालतं. ते म्हणाले, “अक्का, साइटला मी वीस टक्के देतो. मंगळवार थेट माझ्याकडे घ्या, बावीसशेला देतो.” दोन खोल्यांचे करासह ४,६२० रुपये झाले.

साइटवर आहे त्यापेक्षा स्वस्त दर हॉटेलने दुसरीकडे देऊ नये, अशी अट पूर्वी करारांतच असायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला दंड केला आणि ही अट काढायला सांगितली. हे ठाऊक होतं म्हणून मी न संकोचता दर विचारला. तुम्हीही विचारा. छोट्या गावातल्या मालकांना असं विचारलेलं आवडतं.

रविवार: सांगली ते बदामी

कागवाड, अथणी, जमखंडी, मुधोळ. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या. त्यामुळे वेग तीस-चाळीसच्या वर गेलाच नाही. जमखंडीत चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्याने आमची पाटी बघून मराठीतच विचारलं, “सांगलीत ऊस संपत आला का?” सांगली आणि जमखंडी दोन्ही पटवर्धनांची संस्थानं होती. ती जुनी सोयरीक या रस्त्यावर अजून बोलण्यात जाणवते.

लोकापूरच्या पुढे माती बदलते आणि बदामीजवळ आलं की लालसर दगडाचे कडे उभे राहतात. चार वाजता हॉटेलवर पोहोचलो. मालक स्वतः बाहेर आले, “बर्री अज्जी” म्हणून आईंची पिशवी त्यांनी हातातून घेतली. शेजारशेजारच्या दोन खोल्या, तळमजल्यावर, मागे चिंचेचं झाड. रात्री ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्यांचं एण्णेगाई आणि शेंगांची चटणी. “आपल्याहून कूट बारीक आहे,” असं म्हणत आईंनी दुसरी भाकरी मागून घेतली.

सोमवार: लेणी आणि तळं

सकाळी चांगलीच थंडी होती. आठच्या सुमाराला लेण्यांपाशी गेलो तेव्हा ऊन अजून कड्यावर चढत होतं आणि गर्दी नव्हती. माकडं मात्र होती. हातात पिशवी किंवा खाऊ दिसू देऊ नका, ती थेट अंगावर येतात.

आई पहिल्या लेण्यापर्यंत एकेक पायरी करत आल्या आणि तिथेच बसल्या. उजवीकडे अठरा हातांचा नटराज आहे. लेकीने हात मोजायला घेतले, दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा आजीने बोट धरून मोजून घेतले. मी आणि नवरा वर तिसऱ्या लेण्यात गेलो. हे चालुक्य राजा कीर्तिवर्म्याच्या काळात त्याचा भाऊ मंगलेश याने खोदवलेलं, शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ मधलं. लेण्यांवर सहसा साल नसतं. इथे ते कोरून ठेवलंय. छताखालच्या तुळयांना आधार दिलेली जोडपी बघताना मान भरून आली तरी खाली बघवेना.

दुपारी ऊन चढलं आणि आम्ही खोलीवर झोपलो. तीन रात्री हातात आहेत म्हणूनच हे जमलं, नाहीतर दुपारी उन्हात पट्टदकल उरकत असतो. संध्याकाळी अगस्त्य तीर्थाच्या काठाने भूतनाथाच्या देवळापर्यंत चालत गेलो. हा रस्ता सपाट आहे, आई आरामात आल्या. पाण्यात लाल कडा उलटा दिसत होता, पायऱ्यांवर बायका धुणं बडवत होत्या आणि तो आवाज कड्यावर आपटून दोनदा ऐकू येत होता. एका बाईने कानडीत काहीतरी विचारलं. आईंना कानडी येत नाही, पण त्या मराठीत उत्तर देत राहिल्या आणि दोघी दहा मिनिटं बोलल्या. काय बोललात म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “तिची सून बाळंतपणाला गेलीय.”

मंगळवार: बनशंकरी

बदामीपासून पाचेक किलोमीटर. देवळासमोरचं हरिद्रातीर्थ चौकोनी आहे आणि भोवताली दगडी ओवऱ्या आहेत. आईंनी घरून आणलेलं हिरवं लुगडं, नारळ, हळकुंडं आणि तांदूळ ताटात मांडले, ओटी भरली आणि नंतर ओवरीत खांबाला टेकून बसल्या. दोन तास. मध्ये एकदा डोळे पुसले. मी काही विचारलं नाही.

बनशंकरी म्हणजेच शाकंभरी. पौषात तिची मोठी जत्रा भरते आणि देवीपुढे एकशे आठ भाज्यांचा नैवेद्य असतो. एरवीही देवळाबाहेर इरकली नेसलेल्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. टोपलीत ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चळत, दोन-तीन भाज्या, लाल मिरचीची चटणी आणि मडक्यातलं घट्ट दही. आपण जमिनीवर बसायचं, त्या हातावर वाढतात. आम्ही ज्या मावशींकडे जेवलो त्यांनी लेकीच्या भाकरीवर न मागता दही ओतलं आणि पैसे घेताना तिचे नाहीच म्हणाल्या. एवढ्या प्रवासातलं हे सर्वांत चांगलं जेवण.

दुपारी गुळेदगुड्डला गेलो. आपण ज्याला खण म्हणतो त्याचं हे गाव. एका घरात माग चालू होता, ओट्यावरच खणांचे गठ्ठे होते. आईंनी अंजिरी रंगाचा घेतला, मी निळा. दुकानापेक्षा स्वस्त मिळाला म्हणून घासाघीस केली नाही.

संध्याकाळी मालकांनी आमचं मंगळवारचं बिल स्वतः लिहून दिलं. थेट बुकिंगचं पक्कं बिल मागून घ्याच, त्यावर हॉटेलचा जीएसटी क्रमांक असतो.

बुधवार: पट्टदकल, ऐहोळे आणि होस्पेटची रात्र

पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीने बांधवलं, नवरा विक्रमादित्य दुसरा कांचीच्या पल्लवांना जिंकून आला म्हणून. लेकीला हे फार आवडलं, राणीने बांधलेलं देऊळ. ती खांबांवरच्या गोष्टी वाचत फिरली.

ऐहोळेला सगळे दुर्ग मंदिराचे फोटो काढून निघतात. तुम्ही मेगुटीच्या टेकडीवर जरूर चढा. तिथे ६३४ सालचा रविकीर्तीचा लेख आहे, पुलकेशी दुसऱ्याच्या पराक्रमाचा. त्यात तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख येतो. आपल्या प्रांताचं नाव इतक्या जुन्या दगडावर, कर्नाटकातल्या टेकडीवर, वाऱ्यात उभं राहून बघताना अंगावर काटा आला.

अमीनगडला डिंक-सुक्यामेव्याचा करदंट घेतला, हुनगुंदहून मोठ्या रस्त्याला लागलो आणि सात वाजता होस्पेट.

इथे गोष्ट बिघडली. हंपीसाठी मी महिनाभर आधी होस्पेटला दोन खोल्या राखल्या होत्या, मंगळवार-बुधवारच्या. सदस्याची १० टक्के सूट धरून ३,२४० चा दर, पैसे हॉटेलवर द्यायचे, रद्द करणं मोफत. तारखा पक्क्या नसतील तिथे मी असंच करते. कूपनाची सूट घेतली की पैसे बहुधा आधी भरावे लागतात आणि परत मिळणं अवघड होतं. मग दर तीन-चार दिवसांनी तोच दर पुन्हा बघायचा. निघायच्या दहा दिवस आधी तो घसरून सूट धरून २,७४५ झाला होता. शनिवार-रविवारी बंगळूरची गर्दी येते तेव्हा हंपीचे दर चढतात, आठवड्याच्या मधल्या दिवसांत रिकाम्या खोल्या राहतात. मी बुधवार-गुरुवारचं नवं बुकिंग केलं, मग जुनं रद्द केलं. दोन खोल्या, दोन रात्री, करासह १३,६०८ ऐवजी ११,५२९. क्रम हाच ठेवायचा, आधी नवं हातात घ्यायचं आणि मग जुनं सोडायचं.

पण मी एक करायला विसरले. बदामीला फोन केला होता, इथे केला नाही. हॉटेलकडे एकाच नावाची दोन बुकिंगं गेली, दोन्हींत बुधवार होता. त्यांनी नव्याला दुबार समजून त्यातली एक खोली मोकळी केली आणि ती दुसऱ्याला दिली. काउंटरवरच्या मुलाच्या पडद्यावर आमची एकच खोली होती, माझ्या फोनवर दोन. साइटच्या मदत क्रमांकावर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. शेवटी जी बाई बोलली ती म्हणाली, हॉटेलशी बोला. हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, साइटशी बोला. आई सोफ्यावर गुडघे दाबत बसलेल्या. मला रडू येईल असं वाटलं.

सोडवलं त्या काउंटरवरच्या मुलाने, विशी-बाविशीतला असेल. त्याने माझ्या फोनवरचं पक्कं झाल्याचं पत्र बघितलं, वेळ बघितली, रद्द झालेल्या बुकिंगचा क्रमांक वेगळा आहे हे मॅनेजरला दाखवलं. तिसऱ्या मजल्यावर एक खोली निघाली. लिफ्ट बंद होती. मग त्यानेच खालच्या मजल्यावर उतरलेल्या दोन तरुण मुलांना विनंती केली आणि ती मुलं हसत वर गेली. दर तोच राहिला. नऊ वाजले होते.

म्हणून सांगते, दर कमी झाला म्हणून बुकिंग बदललंत तर त्याच दिवशी हॉटेलला फोन करा, कुठला क्रमांक राहिला आणि कुठला गेला ते सांगा. दोन्ही पत्रांचे फोटो फोनमध्ये ठेवा, कारण काउंटरवर नेमकं नेट जातं.

गुरुवार: हंपी

सकाळी विरूपाक्षाचं देऊळ. आतल्या एका अंधाऱ्या खोलीत भिंतीच्या फटीतून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची सावली उलटी पडते. पुजाऱ्यांनी आईंना हात धरून तिथवर नेलं. नंतर विठ्ठल मंदिर. गाडी लांब उभी करून बॅटरीच्या गाडीने जायचं, ज्येष्ठांना सोपं आहे. ४० रुपयांचं तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी कमळ महालालाही तेच चालतं. दगडी रथापुढे लेकीने पन्नासची नोट धरून फोटो काढला, तिथे प्रत्येक मूल तेच करत होतं. आई मात्र रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभ्या राहिल्या. “विठ्ठलाचं देऊळ आणि विठ्ठल नाही,” एवढंच म्हणाल्या आणि हात जोडले.

दुपारी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिर्ची भजी, संध्याकाळी तुंगभद्रेत टोपलीसारख्या गोल नावेतून फेरी. नावाड्याने नाव गरकन फिरवली तेव्हा आई खळखळून हसल्या. इतकं हसताना मी त्यांना सासरे गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

शुक्रवार: परत

निघताना बिल नीट तपासलं. बुधवारच्या गोंधळात त्यांनी एका जादा माणसाचे पैसे लावले होते. बुकिंग करताना मी लेकीचं वय अकरा असं लिहिलेलं होतं. ते दाखवल्यावर आकडा काढला. मुलांचं वय न लिहिता बुकिंग केलं की आकडा कमी दिसतो, पण काउंटरवर तो दुप्पट होऊन येतो.

एक थर मी वापरला नाही, तोही सांगते. कार्डावर बरेच पॉइंट साठले होते. बँकेच्या प्रवासाच्या पोर्टलवर ते खर्च करता येतात, पण तिथे तीच होस्पेटची खोली रात्रीला तीनशे रुपयांनी महाग दिसत होती. पॉइंट तसेच ठेवले.

गदग, हुबळी, बेळगावमार्गे रात्री दहाला घरी. गाडीत हिशोब मांडला. बदामीत १,६८० वाचले, होस्पेटला २,०७९. मिळून ३,७५९. तिसऱ्या रात्रीसाठी वरून ८६१ रुपये घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आई म्हणाल्या, “अगं, पौषातल्या जत्रेला खोली मिळते का गं?” मी सगळ्या साइट उघडल्या. कुठे शिल्लक नव्हती, कुठे दर तिप्पट होता. मग बदामीच्या मालकांना फोन लावला. ते म्हणाले, “अज्जींसाठी चिंचेकडची ठेवतो, पण दर जत्रेचाच पडेल हां अक्का.” मी हो म्हटलं. आईंनी अंजिरी खण शिवायला टाकला आहे.